आपणबाई

बाई गेल्यावर शाळेत शोकसभा झाली. एक वक्ते म्हणाले, मुलाणीबाई अत्यंत शांत स्वभावाच्या, त्यांना रागावलेलं कुणी कधी पाहिलं नाही. मागच्या रांगेतल्या आम्ही जुन्या विद्यार्थिनी एकमेकींकडे बघायला लागलो. बाई जन्मभर रागावलेल्या होत्या. फक्त त्यांचा राग जसजसा चढायचा तसतसा आवाज उतरायचा, आणि समोरच्याला त्या 'आपण' म्हणायला लागायच्या. "आपण उदाहरणं सोडवली नाहीत. आपल्याला सवड झाली नसेल." एवढं कानावर आलं की निर्दोष मुलीसुद्धा खाली बघायच्या. त्यावरून आम्ही त्यांचं नाव आपणबाई ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं, आणि बहुधा आवडतही होतं.

बाई गणित शिकवायच्या. माहेर कसबा पेठेतलं, सासर तिथूनच दोन गल्ल्या पलीकडचं. शाळा, बाजार, नातेवाईक, दवाखाना सगळं त्यांनी पायीच केलं. आम्ही कुणी रिक्षाने शाळेत उतरलो तर विचारायच्या, "पाय घरी ठेवून आलीस का?" यजमान गेल्यावर मुलगा सलीम त्यांना बिबवेवाडीला आपल्या फ्लॅटवर घेऊन आला. योगायोगाने तो फ्लॅट आमच्याच इमारतीत, आमच्या खालच्या मजल्यावर. त्यामुळे शाळा सुटून इतकी वर्षं झाल्यावरही मला बाई पुन्हा मिळाल्या. रोज सकाळी त्या भाजी आणायला निघायच्या आणि कोपऱ्यावरचा भाजीवाला सोडून मुद्दाम लांबच्या मंडईत जायच्या. भाजी चांगली असते म्हणून नव्हे, चालणं होतं म्हणून.

अशाच एका सकाळी फुटपाथच्या उखडलेल्या फरशीत पाय अडकून त्या पडल्या. सलीम हडपसरला कंपनीत पोहोचला होता, म्हणून मीच त्यांना चौकातल्या एका लहान हॉस्पिटलात नेलं. एक्स-रे काढला. तिथल्या डॉक्टरांनी तो उजेडावर धरला आणि म्हणाले, काही नाही, मुका मार आहे. बाई म्हणाल्या, जांघेत कळ येते, पाय टेकवत नाही. डॉक्टर हसून मला म्हणाले, "या वयात सहनशक्ती कमी होते. आजींना झोपवून ठेवू नका, नाहीतर अंथरुणाला खिळतील. चालवा." बाईंनी पुन्हा सांगितलं, हे दुखणं नेहमीचं नाही. तोवर डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या होत्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली होती.

बाई चालल्या. जाणत्याचं ऐकायचं हा त्यांचा धर्मच होता. भिंतीला धरून, ओठ आवळून त्या घरभर फिरायच्या. सलीम म्हणायचा, अम्मी, जरा बस. तर म्हणायच्या, डॉक्टरांनी सांगितलंय. पुढच्याच आठवड्यात न्हाणीघरातून बाहेर येताना आतून काहीतरी कट्‌कन तुटल्याचा आवाज त्यांनी स्वतः ऐकला. मी धावत खाली गेले तेव्हा त्या जमिनीवर होत्या आणि त्यांचं उजवं पाऊल विचित्रपणे बाहेरच्या बाजूला वळलं होतं. अजून ते पाऊल आठवलं की माझं डोकं तापतं.

मोठ्या हॉस्पिटलात दुसरा एक्स-रे निघाला. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडून सरकलं होतं. तिथले सर्जन पलंगाच्या एका बाजूला उभे राहिले, सलीम दुसऱ्या बाजूला, आणि मधे झोपलेल्या बाईंच्या अंगावरून दोघांचं बोलणं सुरू झालं. यांना शुगर आहे का, यांचं वय काय, यांना आधी किती चालता यायचं. बाईंनी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, आपण ज्या पायाबद्दल बोलताय तो माझा आहे. मला ऐकू येतं आणि मराठी समजतं."

सर्जन भले होते. त्यांनी स्टूल ओढलं, बसले, आणि बाईंना सगळं समजावून सांगितलं. पहिल्या दिवशी हाडाला बारीक चीर गेली असणार. अशी चीर कधीकधी एक्स-रेत दिसत नाही. चालल्यामुळे हाड सरकलं आणि खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला. आता तो गोळा काढून धातूचा बसवावा लागेल.

"एक्स-रेत दिसत नाही, मग कशात दिसते?" बाईंनी विचारलं.

"एमआरआयमध्ये."

"आणि तेव्हाच दिसली असती तर?"

"स्क्रू घालून भागलं असतं. आपलं हाड आपल्याजवळ राहिलं असतं."

मग एमआरआय का केला नाही, असं बाईंनी विचारलं तेव्हा मात्र ते भले डॉक्टर फाइल चाळायला लागले. ते मी कसं सांगणार, म्हणाले.

ऑपरेशनच्या आधी तपासण्या झाल्या. रक्त, ईसीजी, छातीचा एक्स-रे, हृदयाची सोनोग्राफी. प्रत्येक वेळी बाई विचारायच्या, हे कशासाठी? खरं तर उत्तर सोपं असायचं. भूल झेपेल का, साखर आटोक्यात आहे का, रक्त चढवावं लागेल का. पण ते एका वाक्यात सांगण्याऐवजी माणसं कपाळाला आठ्या घालायची. दाराबाहेर एक सिस्टर दुसरीला म्हणाली, ती कटकटी आजी. मी ऐकलं आणि भांडायला उठले. बाईंनी मला मनगटाला धरून खाली बसवलं. सिस्टर आत आल्यावर त्या म्हणाल्या, "माझं नाव मुलाणी. पलंगाला लावलंय, आपण वाचलं नसेल." त्यानंतर निदान त्या सिस्टरने त्यांना नावाने हाक मारली.

भूल कमरेखालचीच होती. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "आत सुतारकाम चाललं होतं गं. माझंच लाकूड." दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीच्या मुलीने त्यांना वॉकरला धरून उभं केलं. तिचं मात्र बाई निमूट ऐकायच्या, कारण ती प्रत्येक गोष्टीचं कारण सांगायची. घरी जाताना तिने पथ्यं सांगितली. जमिनीवर बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, खाली फार वाकायचं नाही. बाईंनी विचारलं, नमाज? ती म्हणाली, खुर्चीवर बसून पढा. घरी आल्यावर बाई मला म्हणाल्या, "अल्लाला चालतं गं. मलाच चालत नाही."

सलीमला तक्रार करायची होती. वकिलांनी कागद पाहिले आणि म्हणाले, पहिल्या एक्स-रेत फ्रॅक्चर दिसत नाही, सिद्ध करणं अवघड जाईल. सलीम खचला. मी त्या डॉक्टरांना मनात शिव्या देत राहिले. बाईंनी फक्त जरा हिंडायला लागायची वाट पाहिली, मग मला रिक्षा बोलवायला सांगितली आणि काठी टेकत त्या चौकातल्या हॉस्पिटलात गेल्या. नंबर लावून बसल्या. आत गेल्यावर दोन्ही एक्स-रे टेबलावर ठेवले. डॉक्टरांना त्या आठवत नव्हत्या. मी आठवण करून दिली तेव्हा ते सावरून बसले आणि वयाबरोबर हाडं ठिसूळ होतात, फ्रॅक्चर केव्हाही होऊ शकतं, पहिल्या फिल्ममध्ये खरंच काही दिसत नव्हतं, असं बोलत राहिले.

"दिसत नव्हतं, मान्य," बाई म्हणाल्या. आवाज इतका खाली की डॉक्टरांना पुढे वाकावं लागलं. "पण मी आपल्याला सांगत होते. ते ऐकूही येत नव्हतं का?"

डॉक्टर म्हणाले, बाहेर पेशंट थांबलेत. बाई उठल्या. उठायला त्यांना वेळ लागला, आणि त्या सगळ्या वेळात ते मोबाइलमध्ये बघत होते. माफी सोडा, त्यांनी बाईंची खुर्चीसुद्धा मागे सरकवली नाही. मला आजही तो चौक ओलांडायला आवडत नाही.

पुढच्या वर्षी आमच्या मजल्यावरच्या जोशीकाकू बाथरूममध्ये घसरल्या. एक्स-रे साफ निघाला, आणि दुसऱ्याच कुठल्याशा डॉक्टरांनी त्यांनाही चालायला सांगितलं. हे मी बाईंना सांगितलं मात्र, त्या काठी घेऊन लिफ्टकडे निघाल्या. काकूंच्या मुलाला म्हणाल्या, एमआरआय झाल्याशिवाय आईचा पाय जमिनीला टेकवू द्यायचा नाही. तो संकोचून म्हणाला, डॉक्टरांना बरं वाटणार नाही. "आपण डॉक्टरांची काळजी घेताय की आईची?" बाईंनी विचारलं. एमआरआय झाला. चीर होतीच. स्क्रू घातले, आणि काकू घरी आल्या.

काही महिन्यांनी बाई आणि मी काकूंकडे चहाला गेलो. काकू बैठकीच्या खोलीत जमिनीवर मांडी घालून मेथी निवडत होत्या. आम्हाला बघून त्या हाताचा आधार घेऊन उठल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. बाई खुर्चीवर बसून जमिनीवरच्या त्या मेथीच्या जुडीकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. मला वाटलं, काकूंसाठी आनंद झाला असेल. तसं म्हणायला मी तोंड उघडलं, पण त्यांनी हाताने मला थांबवलं.

"एवढं सोपं होतं गं," त्या म्हणाल्या. "एवढंच होतं."