स्टार्ट नसलेला रिमोट

अकोल्याच्या मामाकडे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता आणि त्याचे दोन रिमोट होते. एक नंबरच्या रिमोटवर स्टार्टचं बटण होतं, दोन नंबरच्यावर नव्हतं. गेम चालू करायचा, थांबवायचा, पुन्हा सोडायचा, सगळा कारभार एक नंबरकडे. तो कायम मामेभावाच्या हातात. उन्हाळाभर मी अमरावतीहून तिथे जाऊन राहायचे, पण पाहुण्या पोरीला एक नंबर देण्याची त्या घरात पद्धत नव्हती.

दोघांनी मिळून पळायचं, गोळ्या झाडायच्या, खड्डे ओलांडायचे. दादा पुढे असला तर सगळं ठीक. मी पुढे गेले की माझ्या ऐन उडीत टीव्हीवरचं सगळं थिजायचं. "दादा, चालू कर ना रे," मी विनवायचे. बराच वेळ विनवल्याशिवाय तो ऐकायचा नाही आणि मग न सांगता असं सोडायचा की मी थेट खड्ड्यात. मामीकडे तक्रार नेली की ती म्हणायची, "गेम त्याचा हाये. नसन जमत तर नको खेळू." लहानपणीचं मनात धरून ठेवू नये म्हणतात. मी धरून ठेवलं, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

गेल्या दिवाळीआधी घराला रंग देताना माळ्यावर ते दोन्ही रिमोट सापडले. गेमचा डबा केव्हाच मेला होता. दादाने ते माझ्याकडे पाठवून दिले आणि फोन केला, "तू कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतं ना वं, हे लॅपटॉपले लागते का पाह्य बरं. पोरींले दाखवाचं हाये, बाप कसा खेळत होता ते."

लागतात. त्या रिमोटच्या आत फारसं काही नसतं. वायरीतल्या बारीक तारा एका छोट्या बोर्डाला जोडायच्या, बोर्डाची यूएसबी लॅपटॉपमध्ये खुपसायची. लॅपटॉपला वाटतं नवाच रिमोट आला. जुना गेमही उतरवून घेतला. खरी गंमत पुढे. कोणतं बटण दाबल्यावर काय व्हावं, हे आता बोर्डात प्रोग्राम टाकणारा ठरवतो. म्हणजे मी. एक नंबरचं स्टार्ट मी मुकं करून टाकलं. दोन नंबरवर खालचा बाण आणि दोन्ही लाल बटणं एकदम दाबली की गेम थांबेल, पुन्हा दाबली की सुटेल, अशी सोय केली. हे करताना मी चक्क गुणगुणत होते.

भाऊबीजेला अकोल्याला गेले. दादाला ओवाळलं, त्याला उदंड आयुष्य मागितलं. खोटं नाही मागितलं. मला तो धडधाकटच हवा होता. मग मामी सोडून सगळं घर लॅपटॉपसमोर जमलं आणि दादाने न विचारता एक नंबर उचलला.

पहिल्या खड्ड्यावर त्याने उडी घेतली आणि मी तिन्ही बटणं दाबली. "काहून अटकून राहिलं वं हे?" त्याने स्टार्ट दाबून पाहिलं, रिमोट झटकला, फुंकर मारली. मी सोडलं, तो खड्ड्यात. पोरी खिदळल्या. पुढच्या खड्ड्यावर तेच. त्यानंतर मात्र त्याचं लक्ष माझ्या अंगठ्यांकडे गेलं आणि तो हसला. "तुह्याकडं हाये व्हय स्टार्ट! बरं, चालू कर ना वं."

याच वाक्यासाठी मी इतकी वर्षं थांबले होते, आणि ते ऐकून मला काहीच वाटलं नाही. किती सहज मागितलं त्याने! मागितलं की मिळतं, एवढंच त्याला ठाऊक. मी विनवायचे तेव्हा 'नाही' ऐकावं लागेल हे मला आधीच माहीत असायचं. त्याला नुसतं मागायला लावून माझं उट्टं निघणार नव्हतं.

"नाही," मी म्हटलं.

तो अजून हसतच होता. "चालू कर वं, पोरी पाहून राहिल्या."

"नाही."

मग त्याचा चेहरा उतरला. स्वयंपाकघरातून मामी बोलली, "देऊन टाक ना त्याले. काहून त्या लेकराचा जीव घेऊन राहिली?"

पंचेचाळिशीचं लेकरू खड्ड्यावर अधांतरी लटकलं होतं. मी रिमोट मांडीवर ठेवला, मामीला चहा टाकायला सांगितलं आणि दादाच्या समोर बसून तो सावकाश प्याले.