बरगडी फिरवून बघ

सुनेनं गॅसवर डुकराच्या बरगड्या शिजत ठेवल्या होत्या. तो उग्र वास माझ्या खोलीपर्यंत आला आणि मी मनानं येरमाळ्याजवळच्या सासरच्या परसात जाऊन पोचले.

लग्नाला महिनाही झाला नव्हता. ज्वारीत शिरलेलं रानडुक्कर मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, मारलं होतं. ते मटण घरातल्या चुलीवर चालत नसे, म्हणून परसात तीन दगड मांडून मी एकटीच शिजवत होते. टळटळीत दुपार, सगळे शेतात. रस्सा दाटला तसा मी भगुलं उतरवायला हात घातला, तोच पाठीमागून बाईचा आवाज आला, "थांब गं. आदी बरगडी फिरवून बघ."

मी हाड धरून पिळलं. ते हललंसुद्धा नाही. आत सगळं लाल होतं. तसंच वाढलं असतं तर घरदार आजारी पडलं असतं. वळून पाहिलं, तर परसात कुणीच नव्हतं.

आणखी तासभर शिजवून पुन्हा बरगडी पिळून बघत होते, तेव्हा मामंजी आले.

"हे कुणी शिकवलं तुला?"

मी सांगितलं. ते भगुल्याकडे वळले. मग पहिला तुकडा पळसाच्या पानावर चुलीपाशी ठेवून म्हणाले, "तुजी सासू असंच बघायची."

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या.

तेव्हा मी लई भ्याले होते. आता वाटतं, त्यांना नुसती घरच्यांची काळजी होती.

मी उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले. "थांब गं, आधी बरगडी..."

"हो आई," सून मागं न बघता म्हणाली, "मघाशीच सांगितलंत की."

मी तर आत्ताच आले होते.