घरचा नावं ठेवणारा

अण्णा गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. मीच सगळ्यांना फोन करून दिली. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. दोघंही बिनलग्नाची, आई-वडिलांच्या मागे मारतहळ्ळीच्या या फ्लॅटात आम्ही दोघंच. आदल्या दुपारी हॉस्पिटलात त्याच्यापुढे पातळ खिचडी आली, तर हा बाबा नर्सला विचारतोय, "सिस्टर, तुमच्या डब्यात आज काय?" मी कपाळावर हात मारला. ती हसली आणि खरंच डबा उघडून त्याच्या नाकाशी धरला. केरळी ताकाची कढी होती. "मेथ्या स्वल्प जास्त," म्हणाला आणि मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी गेला...

होसकोट्याच्या कारखान्यात उभा जन्म नोकरी केली, पण जीव सगळा जिभेवर. बेळ्ळंदूरला नवं हॉटेल उघडलं की ट्रॅफिकमध्ये जीव आंबेपर्यंत अडकून मला तिथं न्यायचाच. मी कुरकुरायची, "पास्ता म्हणजे काय रे, शेवयांचा उपमाच की!" तो म्हणायचा, "सुमे, परदेशी जेवण असं काही नसतं. कुणाच्या तरी आईचं असतं." किमचीची पहिली फोड खाल्ली आणि म्हणाला, ही बाई लोणचं घालताना घाईत होती. एका जपानी हॉटेलात नेपाळी आचाऱ्याला विचारून आला, तुम्ही स्वतः काय जेवता? मग त्याचाच डाळभात मागून जेवला आणि ते महागडं सूप माझ्या गळ्यात मारलं. इतका संताप आला होता मला!

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथले, या कानडी मुलखातले मराठी. आमच्या आमटीत सारिन पुडी पडते, म्हणजे इथला रस्सम मसाला. चुलतभावाची सून पुण्याची, ती एकदा म्हणाली, "आत्या, ही काही ऑथेंटिक आमटी नाही हं." अण्णा म्हणाला, "बाळ, इतक्या पिढ्या इथलं पाणी प्यालो. आमटीनं थोडं कानडी बोलायला नको?" पण ती गेल्यावर मला म्हणाला, "आज आंबट जास्त झाली होती." असा मेला खवचट! परक्यासमोर माझी बाजू घ्यायचा आणि दार लागलं की नावं ठेवायचा. आमच्याकडे नैवेद्य दाखवल्याशिवाय चाखायचं नाही, त्यामुळे मीठ-तिखट सगळं माझ्या अंदाजानं. पहिला घास अण्णाचा आणि पहिली तक्रारही त्याचीच. एकदा चिडून म्हटलं, "बाहेर जा जेवायला!" तर म्हणतो कसा, "बाहेरचं बिघडलं तर हॉटेल बदलतो. नावं ठेवून पुन्हा त्याच पाटावर बसायचं, त्याला घरचं जेवण म्हणतात. सरी, बरं, वाढ आता."

तेराव्याला आचारी होता, पण आमटी मी हट्टानं माझ्या हातानं केली. डोकं ठिकाणावर नव्हतं. नैवेद्य झाला, पंगत उठली. "आत्या, काय चव आहे तुमच्या हाताला!" सून म्हणाली. चुलतभावानं दोनदा मागून घेतली. शेवटी मी बसले आणि पहिल्याच घोटाला ठसका लागला. मीठ दुसऱ्यांदा पडलं होतं, नुसती खारट ढाण! सगळ्यांनी मुकाट्यानं गिळली होती. दुःखाच्या घरात अन्नाला नावं ठेवत नाहीत, हे मलाही कळतं. पण तोवर न रडलेली मी त्या पानावर हमसून हमसून रडले. सुनेला वाटलं, अण्णाची आठवण आली. आठवण कसली... एवढ्या माणसांत मला तोंडावर खरं सांगणारं कुणी उरलं नाही, हे तेव्हा कळलं.

आता एकटीपुरतं करते. कधी करतच नाही. ब्रेड भाजते, चहात बुडवते आणि टीव्ही लावते. शेजारी ऑफिसात जाणारी एक मुलगी राहते, गुणी आहे. परवा मुद्दाम अळणी आमटी केली आणि वाटीभर तिला दिली. म्हटलं, हिनं तरी तोंड वाकडं करावं. मग वाद घालीन, मीठ आणून देईन, दोन घटका बसवून घेईन... संध्याकाळी वाटी लख्ख धुऊन परत आली. "सुपर थी, आंटी!"

मी हसले. दार लावलं. स्वयंपाकघरात जाऊन उरलेली आमटी भातावर वाढून घेतली, एक घास खाल्ला आणि रिकाम्या घरात मोठ्यानं म्हटलं, "सुमे, मीठ विसरलीस."