एसटीनं आलेलं रक्त

रक्ताच्या तपासणीवर ज्याचं पोट चालतं आणि रक्ताच्या तपासणीवरच ज्याचा काडीचा भरवसा नाही, असं माणूस जगात एकच असणार, आणि ते भोरच्या बाजारपेठेत बसतं. आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणतो. शिकून मोठ्या डॉक्टर झाल्या, पण औषध देत नाहीत, नाडी बघत नाहीत. दुसऱ्या डॉक्टरांनी लिहून दिलेली तपासणी करायची, रक्त यंत्रात घालायचं, आणि यंत्र जे सांगेल त्याच्याशी भांडत बसायचं, हा त्यांचा धंदा. बांधाच्या भांडणात मी एकदा कोर्टात साक्षीला उभा राहिलोय, पण तिथल्या वकिलानंसुद्धा मला एवढं पिडलं नव्हतं. रात्री काय खाल्लंत, कुठली गोळी घेतलीत, चालत आलात का गाडीनं, येताना कुणाशी भांडलात का. सगळं विचारून झालं की मग सुई. आणि सुई टोचल्यावर मूठ वळलेली चालत नाही. "बाबा, हात सैल सोडा. इथं कुस्ती नाही."

उपाशीपोटी या म्हटलं की आमच्याकडची निम्मी माणसं रताळी खाऊन जातात, कारण उपवासाला रताळं चालतं. बाईंना हे पाठ झालंय. माझी साखर बघायला पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हणाल्या, "बाबा, चहा घेतलात?" म्हटलं, "न्हाई ओ बाई, निस्ता कोरा घेतला." "साखर घालून?" "मंग काय मीठ घालून घ्यायाचा?" उठवलं मला खुर्चीवरून, उद्या या म्हणाल्या. उद्या म्हणजे परत पहाटेची एसटी. मी तापलो. "घोटभर च्यानं काय आभाळ फाटतंय, बाई?" "आभाळ नाही फाटत. पण त्या घोटाची साखर तुमच्या खात्यावर चढेल, डॉक्टर गोळी वाढवतील, आणि तुम्ही चक्कर येऊन बांधावर आडवे व्हाल." शेजारच्या म्हाताऱ्याचं रक्त एका शिबिरात सकाळी काढलं आणि नळी तशीच संध्याकाळपर्यंत पडून राहिली. साखर एकदम खाली आली म्हणून त्यानं गावात पेढे वाटले आणि स्वतःही हाणले. बाईंनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, रक्त नळीत गेलं तरी जिवंतच असतं. बसवून ठेवलं की त्याला भूक लागते, आणि आपल्यातलीच साखर ते खात बसतं. पेढे त्या नळीला द्यायचे होते."

पण बाईंचा सगळ्यात मोठा हट्ट नावाचा. ज्याचं रक्त त्यानंच तोंडानं आपलं पूर्ण नाव सांगायचं. बरोबर आलेल्यानं सांगितलेलं चालत नाही, कागद पुढं केलेला चालत नाही. आता हिर्डोशीच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीत आडनाव एकच, आणि माझ्या बायकोच्या नावाच्या आणखी दोघी. तिघींत फरक काय तो नवऱ्याच्या नावाचा. आणि तेच नाव आमच्यातली जुनी बाईमाणसं घेत नाहीत. आमची मंडळी खुर्चीत बसली, स्वतःचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, मधलं गाळलं. बाई सुई धरून उभ्या. "मधलं नाव, मावशी." मंडळीनं पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडं बोट केलं. "ह्ये काय, हितंच बसल्यात." मी म्हटलं, "बाई, म्या सांगतो की." "तुम्ही गप्प बसा, बाबा. मागं एकदा अशाच दोघींच्या नळ्या माझ्याकडं बदलायच्या वाचल्यात. मावशी, उखाणा घ्या हवं तर, पण नाव तुम्हीच सांगायचं." बाकावरची माणसं माना पुढं काढून बघायला लागली. मंडळी लाजून लाल झाली, आणि मग एका दमात म्हणाली, "काचेच्या नळीत रक्ताची धार, धोंडिबांचं नाव घेते, आता करा वार!" बाई एवढ्या हसल्या की सुई खाली ठेवावी लागली. तिथून पुढं दर खेपेला नवा उखाणा. बाकावरचे लोक आपली पाळी सोडून ऐकायला थांबायचे.

तीन हिवाळ्यांमागं मंडळीच्या पायांवर सूज आली. भोरच्या डॉक्टरांनी रक्त बघायला सांगितलं, पण त्या दिवसांत वळणाच्या रस्त्यानं तिला एसटीत उलट्या व्हायच्या. म्हणून गावातल्या नर्सबाईंनी घरीच रक्त काढलं, आणि आम्ही नळी आमच्या नेहमीच्या रिवाजानं एसटीच्या ड्रायव्हरकडं दिली. आमच्याकडं सगळं एसटीनंच जातं. कॉलेजातल्या पोरांचे भाकरीचे डबे जातात, चष्मे जातात, मग रक्त का नाही? दुपारी बाईंचा मोबाईल आला. "बाबा, मावशी काय करतायत?" "नाचणी पाखडतीय." "पाखडतायत? दम लागतोय का?" "दम कसला! मला शिव्या देतीय." बाई म्हणाल्या, "नळीतल्या रक्तात पोटॅशियम फार वर दिसतंय. खरं असेल तर हृदय बंद पडू शकतं. मला ते खरं वाटत नाही, पण न बघता मी बसणार नाही. आत्ताच्या आत्ता घेऊन या." शिव्या देणारी बायको उभ्या उभ्या जाणार, हे डोक्यात शिरेना.

मेहुणा नसरापुरास्नं जीप घेऊन आलेला होता. त्यानं हृदय एवढंच ऐकलं. "दाजी, भोराला थांबायचं न्हाई. सरळ पुण्याला, मोठ्या हास्पिटलात!" पण पुण्याची वाट भोरातूनच जाते, आणि बाई रस्त्यावर येऊन उभ्याच होत्या. मेहुणा खवळला. "यंत्र खोटं आन् तुमी खऱ्या व्हय?" बाई म्हणाल्या, "मीसुद्धा खरी नाही. म्हणून तर परत बघायचं. आधी हृदयाची पट्टी काढू, मग भांडा माझ्याशी." डॉक्टर समोरच्या बोळातून यंत्र घेऊन धावत आले, मंडळीच्या छातीला तारा लावल्या. पट्टीत काही वावगं निघालं नाही. तरी डॉक्टर तिच्याजवळून हलले नाहीत. मेहुण्याला म्हणाले, "बाईंचा दुसरा आकडा येईपर्यंत मी औषध भरत नाही." मग बाईंनी नवं रक्त काढलं. त्या घाईतसुद्धा नाव विचारलं, आणि मंडळीनंसुद्धा त्या घाईत उखाणा घेतला! मेहुणा डोक्याला हात लावून खालीच बसला.

नवं रक्त चांगलं निघालं. बाईंनी दोन नळ्या शेजारी धरून दाखवल्या. यंत्रात गरगरवल्यावर वर जे पाणी येतं ते नव्या नळीत तेलासारखं पिवळं होतं, एसटीनं आलेल्या नळीत कोकम सरबतासारखं लाल. "हे रक्त मावशींच्या अंगात नाही बिघडलं, रस्त्यात बिघडलं. लाल कण फुटले आणि त्यांच्या पोटातलं सगळं बाहेर सांडलं. यावर विश्वास ठेवून औषध दिलं असतं, तर होतं ते चांगलं पोटॅशियमसुद्धा खाली गेलं असतं आणि त्यानंच घात झाला असता." मग सगळी वरात स्टँडवर, ड्रायव्हरला विचारायला. तो बिचारा म्हणाला, "बाई, थंडीचं रक्त गोठंल म्हनून ते डब्यांसंगं बॉनेटवर उबेला ठिवलं. भाकऱ्या कशा ऊन ऱ्हात्यात!" एवढ्या भांडकुदळ बाई, पण त्याला एक शब्द टाकून बोलल्या नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्याला बर्फाची पेटी नेऊन दिली आणि ती कुठं ठेवायची ते गाडीत चढून दाखवलं.

त्यानंतर मंडळीनं आणखी दोन सालांची नाचणी पाखडली. ते दिवस बाईंनी पदरात टाकले असंच मी धरतो.

गेल्या थंडीत सूज परत आली, आणि ह्या खेपेला दम पण होता. जीपनं तिला थेट बाईंच्या खुर्चीत नेऊन बसवलं. रक्त काढलं, आकडा वाईट आला. मी उभा राहून सगळं भडाभडा सांगत सुटलो. "बाई, म्या तिला च्या पाजलाय. जीपात धक्के बी लई बसल्यात. रातभर झोप न्हाई तिला. तुमी परत बघा." बाई परत आल्या, दुसऱ्या हाताचं रक्त काढायला. नाव विचारायला तोंड उघडलं तर मंडळीनं आधीच सांगितलं. उखाण्याला दम नव्हता. आपलं नाव, मग धोंडिबा, मग आडनाव, सावकाश, एकेक करून. बाई आत गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत. आल्या त्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसल्या. एक प्रश्न विचारला नाही. तेव्हाच मला कळलं. म्हणाल्या, "बाबा, आज मी यंत्राशी फार भांडले हो." मूत्रपिंडं संपली होती. पुण्याला जाऊन यंत्रावर रक्त धुऊन घ्यायचं सगळं डॉक्टरांनी नीट समजावलं. मंडळी म्हणाली, घरी. घरीच डोळे मिटले तिनं, आपल्या ओट्यावर, नाचणीच्या रोपासाठी पालापाचोळा जाळून तरवा भाजल्याचा वास येत होता तेव्हा.

मी अजून साखर बघायला जातो. बाई विचारतात, "चहा घेतलात?" मी म्हणतो, "न्हाई." त्या माझ्याकडं बघतात, आणि पहिल्यांदाच कुणावर तरी विश्वास ठेवल्यासारखं करतात. मग विचारतात, "पूर्ण नाव सांगा, बाबा." मी सांगतो. लग्नात मंडळीनं माझं नाव घेतलं ते वाजंत्रीच्या गोंगाटात मला ऐकूच आलं नव्हतं, आणि घरात सगळा जन्म "अवं ऐकलं का" यावरच निघाला. तिच्या तोंडून धोंडिबा ऐकलं ते ह्या एका खुर्चीशेजारीच, बाईंच्या हट्टापायी. सुई टोचते तेव्हा मी हात सैल सोडतो, आणि जरा ऐकत बसतो.