समीनाची चूक

मिरजेच्या रहिमानभाईंच्या दुकानात तबल्याच्या पुड्या, म्हणजे तोंडावर ताणायची कातडी, घडायच्या. त्यांची समीना शाळेत जायच्या आधीपासून बकरीच्या कातड्यावर अंगठा फिरवून माल कसा ते सांगायची. तीच पोर पुढे आठशे वर्षांपूर्वीची फ्रेंच वाचायला शिकली. साताऱ्याच्या संयोगिताबाईंच्या घरच्या संग्रहात कातड्याच्या पानांची एक फ्रेंच प्रार्थनापोथी होती. तिच्यावर समीनानं तीन वर्षं काढली. अक्षरं डोळ्यांनी वाचली, पानं मात्र अंगठ्यानं. कातडं बकरीचं, आणि बकरीचं कातडं तिकडे जास्त दक्षिणेत वापरत, म्हणजे पोथी दक्षिण फ्रान्सातली, असं प्रकरण लिहून तिनं ते आपल्या मार्गदर्शकांना, डॉ. लालासाहेब निकमांना दिलं.

निकम सर बोलायला मधासारखे. सभा कशी धरावी हे त्यांच्याकडून शिकावं. त्यांनी ते प्रकरण दोन बोटांत धरून परत केलं.

"हे चांभारकाम झालं, मॅडम. साहित्याचं काही आणा."

वर्षभरात तेच प्रकरण सरांच्या पुस्तकात छापून आलं. बकरीच्या कातड्याची खूण म्हणून तिनं लिहिलेले 'अंगठ्याला लागणारी बारीक खर' हे शब्दसुद्धा जसेच्या तसे. तिचं नाव कुठंच नाही.

समीनानं दुसऱ्या विद्यापीठातून पदवी मिळवली, फ्रान्सला जाऊन आली, सांगलीत शिकवायला लागली. मग संयोगिताबाईंच्या परवानगीनं तिनं त्या पानांवर खोडरबर हलकेच घासला आणि भुगा फ्रान्समधल्या प्रयोगशाळेत पाठवला. त्या भुग्यावरून जनावर कळतं. उत्तर आलं, मेंढी.

एक दिवस ती शरमेनं जेवली नाही. जन्मभर फक्त बकरीच हाताखाली आलेली, मेंढी ओळखणार कशी? दुसऱ्या दिवशी तिला हसू फुटलं. चोरानं चुकीसकट माल नेला होता.

तो अहवाल तिनं कपाटात ठेवला आणि सात वर्षं थांबली. सरांना पुरस्कार मिळू दिले, दुसरी आवृत्ती निघू दिली. अखेर साताऱ्यात त्यांचा जाहीर सत्कार ठरला, अध्यक्षस्थानी संयोगिताबाई. तेव्हा तिनं वडलांकडे कातड्याचे दोन तुकडे मागितले, एक दुकानातल्या बकरीचा, एक बाहेरून मागवलेल्या मेंढीचा.

"लेकी, चूक तुजीबी हाय की," रहिमानभाई म्हणाले.

"माझीच आहे अब्बा. तेच सांगायला चाललेय."

नाट्यगृह भरलेलं. सरांचं भाषण झालं, टाळ्या झाल्या, कुणाला प्रश्न असतील तर विचारा म्हणाले. समीना तिसऱ्या रांगेतून, अब्बांच्या शेजारून उठली आणि थेट रंगमंचावर गेली. तिनं दोन तुकडे टेबलावर ठेवले.

"सर, एक बकरीचं, एक मेंढीचं. तुमच्या पुस्तकात अंगठ्याला खर लागते. लावा अंगठा."

सर हसले. "इथं काय बाजार भरलाय का?"

"लावा की सर," मागून कुणीतरी म्हणालं. "कोंबडीचं तर न्हाई नव्हं त्यात?"

सभागृह हसलं. सरांनी दोन्ही तुकडे चाचपले, पुन्हा चाचपले आणि डावीकडचा उचलला. "हे बकरीचं."

"मेंढीचं हाय त्ये," रहिमानभाई बसल्या जागेवरून म्हणाले.

समीनानं सात वर्षांपूर्वीचा अहवाल तारखेसकट वाचून दाखवला. पोथी मेंढीच्या कातड्याची, पुस्तकाचा पायाच चुकीचा. "ही चूक सरांची नाही," ती म्हणाली. "ज्या घरात बकरीशिवाय कातडं नाही, त्या घरातली पोरगीच अशी चुकेल. ती मी. सरांनी फक्त उतरवून घेतली."

संयोगिताबाईंनी चष्मा काढला. "निकम सर, तुम्ही पोथीला कधी हात लावलात? तुम्ही फोटो मागवले होते. आमच्याकडे येऊन बसायची ती ही मुलगी."

लोक उठून जाऊ लागले. सत्काराची शाल खांद्यावरून घसरली तशी त्यांनी हातात घेतली आणि समीनाजवळ आले.

"सात वर्षं माहीत होतं, तर आधी सांगायचंस."

"दुसरी आवृत्ती निघायची होती, सर."

रहिमानभाईंनी तिचा दंड धरला. "बास कर आता. म्हातारा झालाय गडी."

"तुम्ही गाडीत बसा अब्बा," समीना म्हणाली आणि रिकाम्या झालेल्या पहिल्या रांगेत जाऊन बसली. दोन माणसं शिडीवर चढून सरांच्या फोटोचा फलक सोडवत होती. तो पुरता खाली येईपर्यंत ती हलली नाही.