न ओढता सुटणारी पट्टी

समुद्री शेवाळातल्या डिंकापासून केलेला पातळ पापुद्रा आज मी प्रयोगशाळेत काचेच्या बशीतून चिमट्याने सोडवत होते. मागच्या खेपेचा पाण्यात पडताच विरघळला होता. या वेळी त्यावर कॅल्शियमचं पाणी घातलं, तसे आतले सुटे धागे एकमेकांशी बांधले गेले. आता हा जखमेवर आठवडाभर टिकावा आणि मग आपोआप विरून जावा, ओढून काढावा लागू नये, एवढीच आशा. किती धरून ठेवायचं आणि कधी सोडायचं, हेच तर आम्ही इतकी वर्षं शोधतोय.

बाबा अंथरुणाला खिळले होते, तेव्हा त्यांच्या पाठीवरच्या जखमेला गॉज चिकटून बसायचं. रोज सकाळी ते म्हणायचे, "हळू काढ गं." मी "झालं, बाबा" म्हणायची आणि मगच ओढायची. झालेलं काहीच नसायचं. त्यांनाही ते ठाऊक असायचं, तरी दर वेळी ते "बरं" म्हणायचे.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. आज पापुद्र्याची शेवटची कड अलगद सुटली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "झालं, बाबा."

पहिल्यांदाच ते खरं होतं, आणि "बरं" म्हणायला कोणी नव्हतं.