हितंच हाय व्हय अजून?

दिवाळी सरली की ती यायची आणि आधी आमच्या घराच्या भिंतीवर हात मारायची. म्हशीच्या पाठीवर मारतात तसा, चांगला दणकून. मग भिंतीकडंच बघून विचारायची, "हितंच हाय व्हय अजून?"

पहिल्या खेपेला मला रागच आला. शिरूर अनंतपाळच्या दवाखान्यात नर्सची नोकरी करून, आमच्या ह्यांच्याशी रोज भांडून बांधलेलं स्लॅबचं घर, आणि ही बाई त्याला असं विचारते. मी म्हणाले, "मग कुठं जाईल?" तर म्हणाली, "तेच तर, नरसबाई. कुटं जातंय बिचारं." एवढं बोलून घराची कीव करत ती चहाला बसली. तीही अंगणात, कारण छताखाली तिचा जीव घुसमटायचा.

धनगराची बाई. मूळ गाव बिलोलीकडचं, पण गावात ती पावसाळ्यापुरतीच. पिकं निघाली की ह्यांचं बिऱ्हाड आमच्या भागात उतरायचं आणि आमच्या रानात काही दिवस मेंढरं बसायची. लेंडीखत आम्हाला, ज्वारी त्यांना. नवरा मेंढरं घेऊन पुढं जायचा आणि बाकी सगळा संसार हिच्याकडं. एक घोडं, घोड्यावर पाल, पालावर भांडी, भांड्यांवर पाय बांधलेल्या कोंबड्या, पोत्यातून मुंडकी काढून बघणारी कोकरं, आणि मागून चालणारी लग्नाची पोरगी. एकदा एका कोंबडीनं घोड्यावरच अंडं घातलं. ते ज्याच्या रानातून जाताना घातलं, त्याला देऊन यावं की आपणच खावं, यावर मायलेकींची चांगलीच जुंपली होती. शेवटी मी खाल्लं.

मी कुकर लावून शिट्टीची वाट बघत बसायचे, तेवढ्यात हिचं पाल उभं, तीन दगडांची चूल पेटलेली आणि चहाला उकळी. एकदा ती कधी नव्हे ते आत डोकावली आणि भिंतीवरच्या बुद्धाच्या फोटोकडं बोट करून म्हणाली, "ह्ये बी घरदार सोडूनच गेलते न्हवं? शानं मानूस." आमचे हे त्या दिवशी इतके हसले की त्यांना ठसका लागला.

कधी निघणार विचारलं की तिचं एकच उत्तर, "वाट मेंढरं ठरवत्यात. आपन मागनं जायाचं."

पण पोरीचा विषय निघाला की ही बाई पार उलटी व्हायची. "पोरीला कुलपाचं घर पायजे, नरसबाई. दार लावलं की बाहेरचं बाहेर." एका वर्षी गारपिटीत पाल उडालं होतं. पोरगी कोकराला पोटाखाली घेऊन गारा खात बसली. तिची काळीनिळी पाठ शेकताना ही बाई ढसाढसा रडली होती, हे तिनंच मला सांगितलं. सांगताना ती हसली नाही, म्हणून माझ्या ध्यानात राहिलं.

स्थळ आलं ते किनवटकडचं. मुलाकडचेही मूळचे धनगरच, पण आता मेंढरं विकून घर बांधून बसलेले. मुलगा आश्रमशाळेत स्वयंपाकी. घराला दार, दाराला कुलूप. हिला आणखी काय पाहिजे होतं? रविवारी पाहुणे येणार, पत्ता आमच्या रानाचा. आठवडाभर हिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

हिचा मोबाइल आमच्याच घरी चार्जिंगला असायचा. रविवारी मी केस विंचरत होते आणि तो वाजला. पाहुणेच बोलत होते, "उदगीर कधीच सोडलं, येऊनच राहिलो." मी तशीच अर्ध्या वेणीनं रानात पळाले.

रानात कोणी नव्हतं. तीन दगड, राख आणि लेंड्या. घोडं नाही, पाल नाही, नवरी नाही.

तेवढ्यात जीप आली. मुलाचा बाप, मुलाची आई आणि कडक इस्त्रीच्या शर्टात मुलगा. आईनं चारी बाजूंना बघून विचारलं, "पोरगी कुटं हाय?"

मी म्हणाले, "इथं होती." दवाखान्यात भल्याभल्यांना तोंड दिलंय मी, पण असं वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

विहीणबाई खाली उतरल्या, राखेत बोट घातलं. "कोमट हाय. लांब न्हाई गेली." आणि जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या. लेंड्यांच्या मागावर बांधाबांधानं आमची वरात निघाली. इस्त्रीची पार माती झाली.

ओढ्यापलीकडं ही बया निवांत चूल मांडत होती. मला राहवलं नाही. "अगं, आज पाहुणे येणार होते ना?"

"मग? आलेच की," ती म्हणाली. "हितलं गवत सरलं व्हतं. मेंढरं थांबत्यात व्हय पावन्यांसाठी?"

बोलली झोकात, पण चहात साखर दोनदा घातली. कुलपाचं घर आपल्याच पायानं लांब गेलं की काय, ह्याची भीती तिच्या तोंडावर सरळ दिसत होती. मला लई वाईट वाटलं.

विहीणबाईंनी पोरीला स्वयंपाकाचं काही विचारलंच नाही. म्हणाल्या, "आमचं घर हालत न्हाई, बघ. ऱ्हाशील का?"

पोरगी म्हणाली, "दार उघडं ठिवलं तर ऱ्हाईन."

पोरीच्या आईनं कपाळाला हात लावला. विहीणबाई मात्र खो खो हसल्या आणि तिथंच कुंकू मागवलं.

पुढच्या दिवाळीनंतर ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. रान वाट बघत राहिलं, मीही राहिले. आमच्या ह्यांनी चौकशी केली, तर बिऱ्हाड किनवटच्या वाटेला लागलेलं. तिकडं चारायला जंगलखात्याची कटकट, तरी. पोरीच्या दारावरून जायचं म्हणून सगळी मेंढरं उलट्या दिशेला फिरवली होती बाईनं.

परवा फोन आला, लेकीच्या घरून. मी विचारलं, "तिकडं मेंढरांनीच ठरवलं का?"

"तर वं. लई शानी हायेत."

"मग घरात राहतेस का आता?"

"छ्या. दारात पाल टाकलंय. लेक बी हितंच असती, विहीणबाई बी हितंच."

"मग घरात कोण?"

"फोन असतो की, चार्जिंगला." मग तिनंच विचारलं, "तुझं भिताड हाय का तितंच?"

मी फोन भिंतीला लावला आणि दणकून हात मारला. "ऐकलं?"



"ऱ्हाऊ दे तसंच, नरसबाई," ती म्हणाली. "आमी येऊ तवा सापडाया पायजे."